'भावनिक' म्हणालात म्हणून

पॅच क्लॅम्प म्हणजे काचेची बारीक नळी पेशीला चिकटवून तिच्यातला विद्युतप्रवाह मोजायची पद्धत. माझ्या 'पॅच क्लॅम्पचे पहिले तीन महिने' या लेखावरची प्रतिक्रिया अशी: "लेख भावनिक आहे. नीट प्रोटोकॉल लिहून घेतला असता तर तीन महिने आणि इतके उंदीर वाया गेले नसते. खापरावरच्या मांड्यांचं कौतुक कशाला? शिवाय कार्बोजेनचं प्रमाण चुकलंय."

सर (किंवा मॅडम, नाव लिहायची तसदी घेतली नाहीत),

कार्बोजेनचं, म्हणजे मेंदूचे काप जिवंत ठेवणाऱ्या वायूचं, बरोबर आहे. ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. मी ९० लिहिलं होतं. चूक माझी.

आता 'भावनिक'. मी यावल तालुक्यातल्या केळीवाल्याच्या घरचा. एम.एस्सी.ला आमच्याकडे चाळीस जणांत एकच धड मायक्रोस्कोप, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेले की गेलेच. हे रडगाणं नाही, हिशोब आहे.

आणि प्रोटोकॉल नव्हता असं मी कुठे म्हटलं? होता, लॅमिनेट करून रिगवर, म्हणजे प्रयोगाच्या मांडणीवर, चिकटवलेला. मेंदूचे ३०० मायक्रॉनचे स्लाइस, ३ ते ५ मेगाओम रेझिस्टन्सचं पिपेट (तीच काचेची नळी), सगळं पाठ होतं मला. सीलच्या जागी, म्हणजे पिपेट पेशीला घट्ट चिकटवायच्या टप्प्याला, मात्र एकच ओळ: 'हलकेच ओढा.' हलकेच म्हणजे किती? पिपेट पेशीजवळ आलं की आतल्या दाबाने तिच्यावर बारीक खळी पडते. तिथे दाब सोडायचा आणि तोंडातल्या नळीने श्वास ओढायचा. कमी पडला तर रेझिस्टन्स मेगाओममध्येच रेंगाळतो, जास्त झाला तर पेशीचा निकाल. अकराव्या आठवड्यात सीनिअर ताईने नळी हिसकावून घेतली आणि एकदा स्वतः ओढून दाखवलं. मी तिच्या गालांकडे बघत होतो, कागदाकडे नाही. त्याच संध्याकाळी मला पहिलं गिगाओम (हजार मेगाओमच्या वरचं) सील मिळालं.

नेहर आणि साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी ही पद्धत १९७६ साली छापली. गिगाओम सील त्यांच्याही हाती लागलं ते काही वर्षांनी. त्यांनाही सांगणार का, की नीट लिहून घ्या?

खापरावरचा मांडा होताना पाहिलाय कधी? आई दोन्ही हातांवर फिरवत तो पार कोपरापर्यंत वाढवते आणि फाटायच्या आत खापरावर टाकते. किती पातळ, विचारलं तर म्हणते, हाताला कळतं. यात कौतुक कुठे आलं? तुम्हाला दिसलं, त्याला मी काय करू!

उंदरांचं सवडीने बोलू.

९०चं ९५ केलंय. पान पुन्हा उघडून बघा, आणि पुढच्या वेळी नाव लिहा.