गच्चीवरच्या पाण्याला हाकलायची रीत

मृग लागायच्या आत गच्ची झाडून घेताय ना? मग हेही वाचून ठेवा. आभाळातून फुकट पडलेलं पाणी जिन्याखाली साठवलेलं लोकांना दिसलं, की सोसायटीची पत जाते. पाणी कसं, दारात हॉर्न वाजवत, बिल घेऊन यावं.

पहिलं पथ्य म्हणजे हिशेब करू नये. तो फारच सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पडतो. गच्ची 400 चौरस मीटरची धरा, उडालं-सांडलं म्हणून पाचवा हिस्सा सोडून द्या, तरी सव्वादोन लाख लिटरच्या आसपास उरतं. म्हणजे 10,000 लिटरचे 22 टँकर. हा आकडा वार्षिक सभेत उच्चारलात तर पुढच्या वर्षीचे खजिनदार तुम्हीच.

शोषखड्डा मात्र असू द्या, त्याशिवाय इमारतीचे कागद पुरे होत नाहीत. फक्त तो शोधायला जाऊ नका. बहुधा पेव्हर ब्लॉकखाली आहे आणि वर सेक्रेटरींची गाडी. आमच्या गच्चीवरून उतरलेला पाइप खड्ड्याच्या दिशेने मोठ्या उमेदीने निघतो आणि जमिनीच्या वीतभर वर संपतो. तिथून पाणी सरळ गटाराच्या जाळीकडे धावतं. वाट पाठ झालीय त्याला. मिळकतकरातली सूट मात्र आठवणीने मागावी. कागदावर खड्डा आहेच की.

कुठे पाइप बोअरलाही जोडलेला असतो. त्याच्या गाळणीत वाळू, खडी आणि कोळसा असतो. पावसाळ्याआधी ती धुवावी असं म्हणतात, म्हणू देत. पहिल्या पावसाबरोबर वर्षभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा खाली येते, ती बाहेर काढून द्यायला एक व्हॉल्व्ह ठेवलेला असतो. तो बंद अवस्थेत गंजू द्यावा. मग सगळं बोअरमध्ये उतरतं आणि सभेत छातीठोकपणे सांगता येतं, "बघा, पावसाचं पाणी घाण असतं!"

आमच्या आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. कोकणातल्या घराला पोफळीची पन्हळ होती. पहिल्या दोन-चार सरींत कौलं धुऊन निघू द्यायची आणि मग पागोळ्यांखाली हंडे-कळशा मांडायच्या, एवढीच तिची अक्कल. 'फर्स्ट फ्लश' हा शब्द तिने कधी ऐकला नाही, तेव्हा ते सगळं अडाणीपणाचंच म्हणायचं. शिवाय विहिरीच्या चार खेपा वाचून तिचा व्यायाम बुडायचा.

बोअर आटला तर आणखी खोल मारा. खाली काळा कातळ आहे, पाणी त्याच्या भेगांत असतं आणि भेग लागणं नशिबात असावं लागतं. 300 फुटांवर धूळ उडाली तर 500 पर्यंत जावं. कोणी पुनर्भरणाचं काढलंच, तर आमच्या सभेतला एक प्रश्न विचारा. त्याला अजून कोणाला उत्तर सुचलेलं नाही : "आपण मुरवायचं आणि शेजारच्या सोसायटीनं उपसायचं?" भेगांना कुंपण घालता येत नाही, हे खरंच आहे. ठराव एकमताने बारगळला.

अगदीच वेळ आली तर सरकार आहे. 2016 साली मिरजेहून लातूरला पाणी रेल्वेने नेलं होतं. पुण्याला तर स्टेशन मोठं आहे.

आता राहिला जून. पहिला जोराचा पाऊस झाला की तळघरातल्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचेल. मोटर लावून ते रस्त्यावर काढायला घ्या. नेमका तेव्हाच टँकर फाटकात येईल. ड्रायव्हरला म्हणावं, दादा, जरा बेताने. डबक्यातलं पाणी उडून गाड्या खराब होतात, कालच धुतल्यात.