बटण गुलाब टीपॉयवर ठेवू नका

कुणीतरी प्रेमाने दिलेल्या बटण गुलाबाच्या महिन्याभरात काटक्या होतात आणि ज्याला ते झाड मिळालेलं असतं तो म्हणतो, "जाऊ दे, माझ्या हाताला गुणच नाही." हे इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. हाताला काही झालेलं नसतं हो. ते झाड ज्या अवस्थेत आपल्यापर्यंत येतं, ती अवस्था विक्रीसाठी तयार केलेली असते. पुढची चार वर्षं जगायची सोय त्यात कुणी केलेलीच नसते.

खात्री करायची असेल तर फांद्या जरा बाजूला सारून मातीजवळ बघा. बहुतेक वेळा तिथे एक खोड दिसणार नाही, तीन किंवा चार दिसतील. म्हणजे तेवढी वेगवेगळी झाडं. तळहाताएवढ्या कुंडीत तीन-चार कटिंग्ज एकत्र लावल्या की झाड पटकन भरगच्च दिसतं. ग्रीनहाऊसमध्ये मोजून मापून उजेड, दमटपणा आणि खत मिळतं, आणि झाड बुटकं राहावं म्हणून बरेचदा वाढ रोखणारं रसायनही दिलेलं असतं. मग अंधाऱ्या खोक्यातून प्रवास, प्लॅस्टिकचं वेष्टन, रिबीन, आणि ऐन बहरात आपला दिवाणखाना. अशी चार झाडं खांद्याला खांदा लावून घोटभर मातीवर जगत असताना आपण कौतुकाने म्हणतो, "किती नाजूक आहे ना!"

नाजूक अजिबात नाही. लहान आहे ते फूल आणि पान. बाकी झाड चांगलं काटक असतं. कॅलिफोर्नियाच्या राल्फ मूर यांनी (1907–2009) या छोट्या गुलाबांच्या कितीतरी जाती तयार करण्यात जन्म घालवला, आणि त्या बागेत उघड्यावर वाढणाऱ्या झुडपांच्या जाती आहेत. थंड देशांत असे गुलाब बर्फाखाली हिवाळा काढतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. ते मरतात ते आपल्या टीपॉयवर.

म्हणून पहिलं काम, वेष्टन काढा. देणारा समोर बसलेला असला तरी काढा, त्याला वाईट वाटलं तर वाटू दे. त्या चकचकीत कागदाच्या तळाशी पाणी साठतं, मुळं गुदमरतात. त्यातच प्रवासाच्या धक्क्याने पहिल्या आठवड्यात थोडी पानं पिवळी पडून गळतात. ते पाहून माणूस घाबरतो आणि आणखी पाणी ओततो. पाणी बोटाने माती चाचपूनच घाला, वरचा थर सुकल्यावर, आणि पानांवर नको, बुंध्याशी. याउलट ती हलकी माती एकदा पूर्ण वाळली तर वरून घातलेलं पाणी कडेकडेने निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, मग नीट निथळू द्या.

दुसरं काम, झाड बाहेर काढा. रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. एकदम कडक उन्हात नाही, पानं करपतील. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या.

घरात ठेवलेल्या गुलाबाला बहुतेक वेळा संपवतो तो लाल कोळी. नुसत्या डोळ्यांना तो सहजासहजी दिसत नाही म्हणून तर लोक हाताला दोष देतात. पानांवर बारीक फिकट ठिपके पडायला लागले, हिरवेपणावर धूळ बसल्यासारखं दिसायला लागलं, की फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालायला लागले तर निदान झालं. घरातल्या गरम, कोरड्या हवेत त्याची पिलावळ भराभर वाढते, पुढे पानांच्या बगलेत बारीक जाळी दिसते. हा कीटक नव्हे, कोळ्याच्या जातकुळीतला जीव, त्यामुळे हाताशी असलेलं कुठलंही कीटकनाशक त्याच्यावर चालेलच असं नाही. इथे मात्र पानांवरच पाणी हवं: खालच्या बाजूने जोरदार फवारा, दोन-तीन दिवसांआड, सकाळच्या वेळी. कंटाळा न करता करत राहिलं तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येते.

पहिला बहर ओसरला की झाडं वेगळी करा. बरेच जण म्हणतात, राहू द्यावीत, एकत्र छान दिसतात. मला पटत नाही. पाण्यासाठी आणि उजेडासाठी ती आपापसांतच भांडत असतात, आणि दाटीत हवा खेळत नाही म्हणून भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते. मातीचा गोळा भिजवून हळूच सोडवा. मुळं थोडी तुटतातच, चालतं. प्रत्येकाला सहा इंची, भोकं असलेली कुंडी आणि पाणी न धरणारी माती द्या. चारांतलं एखादं दगावेल. खत मात्र नवे धुमारे दिसेपर्यंत नको. सुकलेलं फूल त्याखालच्या पाच पर्णिकांच्या (एका देठावर पाच छोटी पानं असलेल्या) पानाच्या वर कापायचं, एवढं केलं की झाड पुढच्या कळ्यांच्या तयारीला लागतं.

आणि सगळी पानं झडली तरी लगेच फेकू नका. नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवं असेल तर जीव आहे. हे गुलाब सहसा कलमी नसतात, स्वतःच्याच मुळांवर वाढवलेले असतात. त्यामुळे मातीपर्यंत छाटल्यावर खालून जो फुटवा येतो, तो त्याच गुलाबाचा असतो.

नव्या फांद्या पहिल्यापेक्षा लांब येतील, पानांमधलं अंतर वाढेल. "आमची फसवणूक झाली" असं म्हणू नका, त्या रसायनाचा असर उतरलाय एवढंच. घरात फुलं हवीच असतील तर फुललेली कुंडी दोन दिवस आत आणा, पिकत्या फळांच्या टोपलीपासून लांब ठेवा, कारण त्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात. तिसऱ्या दिवशी परत उन्हात.