नऊ टक्के वाढ, आणि हातात तीन हजार कमी

इन्क्रिमेंटची पत्रं आली. पोर्टल उघडलं की आधी स्क्रीनभर रंगीत टिकल्या उडतात, मग ‘अभिनंदन!’, मग पासवर्ड लावलेली पीडीएफ. आत लिहिलंय: आपल्या अमूल्य योगदानाची दखल घेत आपला सीटीसी १२,००,००० वरून १३,०८,००० करण्यात येत आहे. नऊ टक्के. सीटीसी म्हणजे कंपनीला आपण वर्षाला एकूण केवढ्याला पडतो तो आकडा. पहिल्या पानावर एवढंच. जोडपत्र दुसऱ्या पानावर, तेही अशा बारीक अक्षरात की झूम केल्याशिवाय बेसिक कुठला आणि भत्ता कुठला ते कळू नये.

तर करूया झूम.

बेसिक, म्हणजे मूळ पगार, आधी सीटीसीच्या ४० टक्के होतं, म्हणजे ४,८०,०००. आता ५० टक्के, म्हणजे ६,५४,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, तोही सीटीसीतच: ५७,६०० चे झाले ७८,४८०. आपल्या पगारातून कापला जाणारा पीएफही तेवढाच वाढला. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळायचे पैसे, बेसिकच्या ४.८१ टक्के: २३,०८८ ची झाली ३१,४५७. व्हेरिएबल, म्हणजे निकालाप्रमाणे कमीजास्त होणारा पगार, सीटीसीच्या दहा टक्के होतं ते पंधरा केलं: १,२०,००० चे १,९६,२००. आणि मेडिक्लेमचा हप्ता, जो कालपर्यंत कंपनी गुपचूप भरत होती, तो १८,००० रुपये म्हणून अलगद सीटीसीत येऊन बसला. विमा तोच, कव्हर तेच, फक्त आता तो ‘आपला पगार’ आहे.

आता वजाबाकी. दोन्हीकडचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल आणि विमा काढल्यावर व्यवसाय कर कापायच्या आधी महिन्याला हातात येत होते ७८,४७६. आता येणार ७५,४४९. नऊ टक्के वाढ मिळाली आणि ईएमआयच्या दिवशी खात्यात तीन हजार सत्तावीस रुपये कमी. वर टिकल्या.

पीएफचं ठीक आहे, कबूल. ते आपलेच पैसे, व्याजही मिळतं. पण ग्रॅच्युइटी? ती मिळते पाच वर्षं सलग काढली तर. मुदतीच्या करारावरच्यांना आता एका वर्षात, बाकीच्यांना पाचच. १५ भागिले २६, भागिले १२, म्हणजे ४.८१ टक्के, असं गणित करून दरवर्षी पगारात मोजायची आणि तिसऱ्या वर्षी माणूस गेला की ती रक्कम कंपनीकडेच. कधीच मिळणार नाही असा पगार दाखवायला यांना लाज कशी वाटत नाही?

आणि व्हेरिएबल तर निव्वळ हातावर तुरी. पत्रात १०० टक्के धरलेलं असतं. प्रत्यक्षात आपल्या रेटिंगचा गुणक गुणिले कंपनीच्या निकालाचा गुणक. रेटिंग तीन असेल तर पहिला १, आणि दुसरा ‘आव्हानात्मक बाजारपेठेमुळे’ ०.७. हातात १,३७,३४०. गेल्या वर्षीच्या १,२०,००० वर हेच ०.७ लावलं तर ८४,००० होतात. म्हणजे तिकडे ५३,३४० जास्त, इकडे वर्षाचे ३६,३२९ कमी. पत्रात महिन्याला ९,००० ची वाढ, खिशात साधारण १,४००. तेही पैसे वाटायच्या तारखेला तुम्ही नोकरीवर हवेत आणि नोटिशीवर नकोत. राजीनामा आदल्या दिवशी टाकला तर शून्य, काम मात्र बाराही महिन्यांचं झालेलं.

एचआरला विचारलं की एकच उत्तर: नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, आले ना, आमचा नाइलाज आहे. अहो, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, माहितीये. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, एवढंच त्यात आहे. व्हेरिएबल पंधरा टक्के करा असं कुठल्या कलमात आहे? मेडिक्लेम सीटीसीत घाला असं कुठे आहे? पीएफसाठी धरायच्या पगाराची कायदेशीर मर्यादा अजून महिना १५,००० वरच आहे, म्हणजे महिन्याला १,८०० भरूनही चालतं. पूर्ण बेसिकवर पीएफ लावायचा की मर्यादेवर, हे विचारणारा एक साधा फॉर्म पाठवला असता तर ज्याचं त्याने ठरवलं असतं. पण मग नऊ टक्के द्यावे लागले असते ना.

खाली ‘अ‍ॅक्सेप्ट’चं बटण. ४८ तासांत दाबलं नाही तर मान्य आहे असं गृहीत धरलं जाईल. ‘अमान्य’चं बटणच नाही. ‘शंका विचारा’वर टिचकी मारली की ज्या मेलबॉक्समधून पत्र आलं तिथेच तिकीट उघडतं, आणि दोन दिवसांनी ‘सोडवलं’ असा शेरा मारून बंद होतं.

आणि हे नऊ टक्के तरी कुठून आले? बेल कर्व्हमधून. जॅक वेल्चने प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिकमध्ये २०-७०-१० चं, म्हणजे वरचे २०, मधले ७०, खालचे १० टक्के असं माणसं वाटायचं खूळ काढलं, मायक्रोसॉफ्टने स्वतःकडची अशीच उतरंड २०१३ मध्ये मोडीत काढली, आणि आपल्याकडे अजून सात जणांच्या टीममध्ये एकाला ‘अपेक्षेपेक्षा कमी’ शोधतात. सातांचे दहा टक्के म्हणजे ०.७ माणूस. तो पूर्णांकात आणायचा म्हणून कोणाचा तरी बळी. बहुतेक वेळा बाळंतपणाच्या रजेवरून आलेलीचा, नाहीतर मार्चमध्ये टीम बदललेल्याचा, कारण त्याची बाजू मांडायला जुना मॅनेजर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग जुळवायच्या, मीटिंगला नसतो. तिथे ज्याने तुमचं काम कधी पाहिलेलंच नाही असा माणूस स्क्रीनवर तुमचा चार चा तीन करतो, आणि मॅनेजर आपल्याला सांगतो, ‘मी तुझ्यासाठी खूप भांडलो.’ सगळेच भांडले म्हणे! एप्रिल ते मार्च वर्षाचे केआरए, म्हणजे वर्षभराची ठरवलेली उद्दिष्टं, सप्टेंबरात भरून घेतात, तेही मागच्या वर्षीचे कॉपी-पेस्ट. सेल्फ-अप्रेझलला दोन हजार अक्षरांची मर्यादा, आणि ते कोणी उघडलंय का याची नोंद सिस्टीममध्ये असते. एकदा अ‍ॅडमिनकडून काढून बघा, मजा येईल.

आता एचआरला शिव्या घालण्याआधी: ती शीट बनवणारा पेरोलमधला कोणीतरी असतो आणि त्याचंही पत्र त्याच शीटमधून निघतं. बेसिकच्या रकान्यातलं ०.४ खोडून ०.५ करायला सांगितलं, त्याने केलं, सूत्र खालपर्यंत ओढलं, स्वतःच्या ओळीवरून पण. आणि खरं सांगू? ७६,२०० रुपये तिकडे व्हेरिएबलमध्ये अडकलेत आणि माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलंय ते त्या टिकल्यांवर. पगाराच्या पत्रात अ‍ॅनिमेशन घालायला कोणीतरी व्हेंडरला पैसे दिले असतील. बीपीची गोळी घ्यायची वेळ झाली.

नाही, पण रिटेन्शनचं, म्हणजे माणसं टिकवायचं, बोलायलाच हवं. पैसे नाहीत म्हणतात ना? राजीनामा टाकून बघा. संध्याकाळी साहेब स्वतः कॉफीला नेतात आणि तीस टक्क्यांचा आकडा तिथल्या तिथे निघतो. कारण इन्क्रिमेंटचं बजेट वेगळं, थोपवायचं बजेट वेगळं, नव्या भरतीचं आणखी वेगळं, आणि एकाचा पैसा दुसऱ्याला चालत नाही. म्हणून १३ लाखांवरचा माणूस जाऊ देतात आणि त्याच्या जागी १६ लाखांवर नवा आणतात. एजन्सीला ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा सीटीसी, सव्वा लाखाच्या वर, त्यावर १८ टक्के जीएसटी. मग नव्याला काम शिकवायचं कोणी? मागे उरलेल्या, रेटिंग तीन मिळालेल्याने. त्याला नव्याचा पगार कळतोच, आणि पुढचा राजीनामा त्याचा.

रिटेन्शन बोनसही देतात कधीकधी. दोन लाखांवर तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट ६२,४०० कापून हातात १,३७,६००. मुदतीआधी सोडलं तर वसुली मात्र पूर्ण दोन लाखांची. कापलेल्या कराचं काय, तर ‘आपल्या सीएला विचारा’.

नव्वद दिवसांची नोटीस आहेच. ती न काढता बाहेर पडलं तर आपण पैसे भरायचे ते ग्रॉसवर, म्हणजे पूर्ण पगारावर, त्यांनी काढलं तर पुष्कळ ठिकाणी ते देणार बेसिकवर. शेवटचा हिशोब कायद्याने दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा, राजीनामा दिला असला तरी. लेबर कोड तिथे मात्र कोणाला आठवत नाही. अजून पंचेचाळीस दिवसच चालू आहेत, कारण चार्जर परत आल्याची आयटीची सही बाकी असते.

आणि तुमच्या गेलेल्या सहकाऱ्याच्या जागी माणूस सुचवलात तर ५०,००० रेफरल बोनस. नवा माणूस सहा महिने टिकला तर, आणि तोवर तुम्ही स्वतः नोटिशीवर नसलात तर.