मानक कोणतं निवडावं? आपला माल पास होईल ते!

एक्स्टेन्शन बोर्डात यूएसबी पोर्ट बसवून विकायला निघालात, उत्तम. कुणीतरी विचारणारच, ‘सुरक्षेचं मानक कोणतं लावलंय?’ गडबडू नका. आधी माल बनवा, खोकी छापून घ्या, मग मानक शोधा. नवरदेव ठरला की पत्रिका जुळवता येतेच.

तुमच्या बोर्डात खरं तर दोन वस्तू एका डब्यात नांदतात: साधं सॉकेट आणि २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा चार्जर. सॉकेटसाठी आयईसीचं (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचं) ६०८८४-१, वायरसकट बोर्डासाठी ६०८८४-२-७, चार्जरसाठी ६२३६८-१. यातलं सॉकेटचं मानक फार त्रासदायक. पिन ५,००० वेळा घालतात-काढतात आणि टर्मिनलचं तापमान ४५ अंशांपेक्षा जास्त वाढू देत नाहीत. तुमची पातळ पितळी पत्री तेवढ्यात सैल पडते, पकड गेली की रोध वाढतो आणि छिद्राभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होतं. सोडून द्या ते. ६२३६८-१ चा दाखला चार्जरचं मॉड्यूल विकणारा झेरॉक्स करून देतो. त्यात तुमच्या पत्रीचा उल्लेखही नसतो. तोच क्रमांक खोक्यावर मोठा छापा.

अशाच जोडवस्तूसाठी २०२१ मध्ये ६०८८४-३-१ आलं आहे. त्याचं नाव काढू नका. मॉड्यूल टेबलावर उघडं ठेवून तपासलं होतं, ते तसंच राहू द्या. ६५ वॉटचा पोर्ट ९० टक्के कार्यक्षम असला तरी सातेक वॉट उष्णता बंद डब्यात सोडतो, तीही आधीच तापलेल्या पत्रीशेजारी.

आता मुख्य काटकसर. मेन्सची (२३० व्होल्टची) बाजू आणि यूएसबीची बाजू यांच्यात सर्किट बोर्डाच्या पृष्ठभागावरून सुमारे ५ मिलिमीटर अंतर लागतं. तुम्ही दीड ठेवा, बोर्ड छोटा होतो. हे अंतर वाढवणारी मधली खाच कापू नका, कापायचे पैसे पडतात. दोन्ही बाजूंना जोडणारा कपॅसिटर वाय-१ प्रतीचा (सहसा शॉर्ट न होणारा, खास सुरक्षेसाठी बनवलेला) असावा लागतो. त्याच्या जागी १ किलोव्होल्टचा साधा निळा चकतीवाला लावला तरी दिसायला सारखाच. तो शॉर्ट झाला की फेज थेट फोनच्या केबलच्या धातूपर्यंत पोचते. पण तोपर्यंत पावती हरवलेली असते.

इन्सुलेशन तपासायचंच असेल तर खरी रीत अशी: फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून एका टोकाला, यूएसबीचं धातूचं कवच दुसऱ्या टोकाला, मध्ये ३,००० व्होल्ट, एक मिनिट. तुम्ही मात्र मल्टिमीटर लावा. ९ व्होल्टच्या बॅटरीवर दीड मिलिमीटरही अभेद्य ठरतो, आकडा छान येतो.

वायरचं काय? तांब्याची ०.७५ चौरस मिलिमीटरची ३ मीटर वायर १६ अँपिअरला साधारण ३५ वॉट स्वतःच खाते. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम घेतलंत तर पन्नासच्या वर. गिऱ्हाईक ती वेटोळं करून सोफ्याखाली सारतंच, म्हणजे गरमी बाहेर जायलाही वाट नाही. कुणी वायर खरवडून आतला पांढरा रंग पाहू नये म्हणून टोकांना आधीच कथिल फासा. (कथिल स्क्रूखाली हळूहळू दबतं आणि जोड ढिला होतो, पण त्याला काही महिने लागतात.) वायर अशी असली तरी बोर्डावर ‘१६ अँपिअर’च लिहा. ‘६’ लिहिलं तर हीटर लावणारं गिऱ्हाईक हातचं जाईल.

शटर (छिद्रांवरची आतली झडप), फ्यूज वगैरे खर्चिक नखरे. दर्शनी बाजूला निळा एलईडी द्या, त्याने विश्वास बसतो.

राहिला इशारा: ‘कोरड्या जागीच वापरावे, एकात एक बोर्ड जोडू नयेत, वायर पूर्ण उलगडावी.’ तो छापावाच लागतो. बारीक अक्षरात, काळ्यावर काळा, बोर्डाच्या तळाला छापा, म्हणजे भिंतीला ठोकल्यावर प्रश्नच मिटला.