अर्धा इंच आणि दोन गुडघे

सिंकखाली शिरायला मला अजूनही अर्धा मिनिट पुरतो. बाहेर यायला किती लागतो ते विचारू नका. परवा ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा तो वाकडा पाइप, बदलून झाला, नटावरून कोरडं बोट फिरवलं, कोरडंच परत आलं. उठायला गेलो तर डावा गुडघा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे." मग तिथेच आडवा पडून पाइपाकडे बघत राहिलो. घरच्या बाईंना वाटलं, मिस्त्री काम फार बारकाईनं तपासतात. तसं त्यांनी कौतुकानं बोलूनही दाखवलं. मी नुसता हुंकार दिला.

माझ्या हाताखालचा पोरगा बाहेर नट आवळायचे पाने पुसत होता. त्यानं बगलेत हात घालून मला उभा केला आणि म्हणाला, "काका, तुम्ही प्लंबिंगची ती वरची परीक्षा देऊन टाका. ती दिलेली माणसं उभ्यानंच काम करतात. नुसतं बोट दाखवायचं."

वय वर्षं 47, त्यातली 26 पाणी अंगावर घेण्यात गेलेली. उच्च शिक्षणाचा इतका सरळ फायदा मला आजवर कुणी सांगितला नव्हता.

अर्ज आणला, अभ्यासक्रमाचं पुस्तकही आणलं. घरी टेबलावर ठेवलं तेव्हा बायकोनं आधी पुस्तकाची जाडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "अहो, मिक्सरचं माहितीपत्रक तुम्ही अजून वाचलेलं नाही," एवढंच म्हणाली. मुलीला मात्र भलताच आनंद झाला. मी दहा वर्षं तिच्याकडून पाढे म्हणून घेतल्याचा सूड तिच्या डोळ्यांत चमकत होता.

तिनं पहिल्याच पानावर पकडलं. "बाबा, अर्धा इंच म्हणजे किती मिलिमीटर?"

"साडेबारा."

"12.7. आणि अर्ध्या इंची पाइपाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास?"

हे मला झोपेत येतं. "एकवीस."

"मग त्याला अर्धा इंच का म्हणतात?"

"म्हणतात."

"पण का?"

26 वर्षांत हजारो अर्ध्या इंची निपल, एल्बो, सॉकेट या हातांनी आवळले. त्यांच्यात अर्धा इंच नेमका कुठे आहे हे एकदाही शोधलं नाही. पुस्तकात होतं. जुन्या लोखंडी पाइपांच्या भिंती जाड असत आणि आतलं भोक अर्ध्या इंचाचं. पुढे लोखंड सुधारलं, भिंती पातळ झाल्या, भोक मोठं झालं. बाहेरचं माप मात्र हलवता येईना, कारण इंचाला चौदा आटे जुन्या जोडांत बसायला हवेत. नाव तेच चिकटून राहिलं. माझं नेमकं उलट झालंय. आतला ऐवज विशीतलाच आहे, बाहेरचा व्यास वाढला.

पुढचं प्रकरण ट्रॅपचं. इथे मी पाय पसरून बसलो. वाकड्या पाइपात 50 मिलिमीटर पाणी अडून राहतं आणि गटाराचा वास घरात येत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. तो बाक 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं पेटंट केला, हे मात्र ठाऊक नव्हतं. घड्याळजीनं! म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा शोध लावणारा माणूस दिवसभर खुर्चीवर बसून काम करायचा. त्याचे गुडघे शेवटपर्यंत शाबूत असणार.

मग गणित आलं. पाइपात घर्षणानं किती दाब जातो त्याचं सूत्र, आणि त्यात व्यासाच्या डोक्यावर घात बसलेला: 4.87. वर्ग समजतो, घन समजतो. 4.87 कशाला? पाच म्हणाले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? मुलीनं कॅल्क्युलेटरवर दाखवलं की व्यास निम्मा केला आणि पाणी तेवढंच न्यायचं म्हटलं, तर दाबाचा तोटा सुमारे 29 पट होतो. मी गप्प झालो. जागा नाही म्हणून एक इंचाच्या जागी अर्धा इंच घालून दिलेल्या काही न्हाणीघरांचे चेहरे डोळ्यांपुढून गेले. "प्रेशर कमी येतंय" म्हणून फोन आले तेव्हा मी टाकीकडे बोट दाखवलं होतं. बोट दाखवायचं काम मी परीक्षेआधीच सुरू केलं होतं तर.

पण खरा हादरा रॉय हंटर यांचा. या गृहस्थांनी 1940 मध्ये मांडलेलं गणित असं: एका इमारतीत शंभर फ्लश आहेत, तर एकाच क्षणी किती चालू असतील? प्रत्येक फ्लश 9 सेकंद वाहतो, गर्दीच्या वेळी दर 300 सेकंदांनी एकदा ओढला जातो. म्हणजे कुठल्याही क्षणी तो चालू असण्याची शक्यता शंभरात तीन. त्यावरून पुढे हिशेब केला की शंभरांपैकी आठाहून जास्त एकदम चालू असण्याची वेळ एक टक्काही येत नाही. पाइप आठांच्या हिशेबानं धरायचा, शंभरांच्या नव्हे.

पेन्सिल ठेवली आणि थोडा वेळ भिंतीकडे बघितलं. एका विद्वान माणसानं शांत बसून, लोक फ्लश कधी ओढतात याचा असा विचार करावा, याला मोठं मन लागतं. शंका एकच उरली. तो नववा माणूस कोण? मुलगी म्हणाली, गणितात तो नगण्य आहे. गणितात असेल. मी त्याला चांगला ओळखतो. तोच मला फोन करतो.

धीर यावा म्हणून पुस्तकातला इतिहासाचा भाग काढला, तर तिथे फ्रॉन्टिनस भेटला. हा रोमन गृहस्थ ब्रिटनचा सुभेदार वगैरे होऊन आलेला. इ.स. 97 मध्ये, साठीच्या आसपास, त्याच्याकडे रोम शहराच्या पाण्याचं खातं आलं. नऊ जलवाहिन्या! हाताखालच्यांच्या सांगण्यावर कारभार चालवणं त्याला लाजिरवाणं वाटलं, म्हणून त्यानं मापं, पाइप, चोऱ्या सगळं स्वतः शिकून घेतलं आणि लिहूनही ठेवलं. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. साठीला शिकला माणूस, साठीला!

"सिंकखाली शिरायचा का तो?" बायकोनं विचारलं.

त्याबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

एकूण निर्णय काही होईना. आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग, दोन वर्षं. शेजारच्या बाकावर माझ्या हाताखालच्या पोरग्याच्या वयाची मुलं. आणि परीक्षेत तीन तास खुर्चीवर. हे ऐकून गुडघे खूश झाले, पण कंबर म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. अर्ज निम्माच भरून पडला. ‘हे प्रशिक्षण का घेऊ इच्छिता?’ या रकान्यात मी घाईघाईत ‘गुडघे’ लिहून ठेवलं होतं, तेही शाईनं.

मग सरावाच्या प्रश्नांतला सातवा आला. ‘नळ झटकन बंद केल्यावर पाइपात धाडकन आवाज येतो. कारण द्या.’ मी बेधडक लिहिलं: पाइपात हवा आहे. मुलीनं फुली मारली. वाहतं पाणी एकदम थांबवलं की त्याचा वेग दाब होऊन पाइपावर आदळतो. सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी ताठ धातूच्या पाइपात अचानक अडवलं तर दाब दहा बारपेक्षाही जास्त उसळू शकतो, म्हणजे शंभर मीटर उंच टाकीएवढा. हवेचा संबंधच नाही, उलट थोडी कोंडलेली हवा तो धक्का गिळते. आणि मी 26 वर्षं घरोघरी "हवा आहे" सांगत फिरलो. नुसतं सांगितलं नाही, कित्येकदा ती काढूनही दिली.

दुसऱ्याच दिवशी एका आजींकडून फोन. नळ बंद केला की भिंतीत धाडकन होतं. गेलो. ढिले झालेले क्लॅम्प आवळले, दाब थोडा उतरवला. मग मन राहवेना. आजींना खुर्चीवर बसवून वेग, दाब, पाण्याचा धक्का असं सगळं हातवारे करून सांगितलं. नळ हळू बंद करायचा, हेही सांगितलं. पोरगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी पूर्ण वेळ उभा होतो, बोटही दाखवत होतो.

आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तू नवीन दिसतोस," त्या म्हणाल्या. "मागे एक यायचा, फार हुशार होता. त्यानं बघताक्षणी सांगितलं होतं, हवा आहे म्हणून."

मी पाने पिशवीत भरले.

"मग हवाच ना रे?"

"हो आजी," मी म्हटलं, "हवाच."

घरी आल्यावर अर्ज काढला. रकाना भरलेला होता, खोडाखोड करू नये अशी खाली सूचना होती. म्हणून ‘गुडघे’च्या पुढे, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं, ‘व हवा’, आणि सही केली.