उंबऱ्यासमोरची नावं

मराठवाड्यात १९७८ साली दलित वस्त्या जाळल्या गेल्या, हा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांत कुणीतरी हमखास म्हणतं, "जुनी मढी कशाला उकरायची?" फ्रँकफर्टला राहायला आल्यापासून हे वाक्य मला जास्तच बोचतं. इथल्या काही जर्मन माणसांच्या तोंडूनही, हिटलरच्या नाझी राजवटीचा विषय निघाला की, मी ते ऐकलंय.

आमच्या गल्लीतल्या फूटपाथवर काही घरांच्या दारासमोर, त्या राजवटीने तिथून नेलेल्या माणसांच्या तळहाताएवढ्या पितळी पाट्या बसवल्या आहेत. वर 'इथे राहत होती', खाली नाव, माहेरचं आडनाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. अक्षरं हाताने ठोकलेली. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ मध्ये कोलोनला याची सुरुवात केली आणि मे २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावी पाटी बसली. बहुतेक पाट्या ज्यू लोकांच्या; रोमा आणि सिंती (युरोपातले 'जिप्सी' म्हणून हिणवले गेलेले समाज), अपंग, राजकीय कैदी यांच्याही आहेत. खर्च बहुतेकदा शेजारी, शाळेतली मुलं किंवा परदेशात वाचलेले नातलग करतात. १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं, म्हणजे सिनेगॉग जाळली गेली, त्याची आठवण म्हणून दर ९ नोव्हेंबरला लोक गुडघे टेकून या पाट्या घासतात. मीही जातो, पितांबरी घेऊन. काळवंडलेलं पितळ उजळतं आणि एरवी घाईत ओलांडलेलं जन्मसाल वाचावंच लागतं. १९३४. नेलं १९४१ मध्ये. सात वर्षांचं पोर.

१९ ऑक्टोबर १९४१ ला फ्रँकफर्टमधून हजारावर माणसांना घराबाहेर काढलं आणि दिवसाढवळ्या शहरातून चालवत घाऊक भाजी मंडईत नेलं. तिथून रेल्वेने पोलंडमधल्या वूचला. त्याच मंडईच्या जागी आज युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मनोरा आहे. नेण्याआधी लोकांकडून सोळा पानी फॉर्म भरून घेत: कपाटं किती, खुर्च्या किती, सदरे किती. त्या नोव्हेंबरातल्या हुकुमानुसार माणूस सरहद्दीपलीकडे गेला की त्याची मालमत्ता सरकारजमा. मग लिलाव. वर्तमानपत्रात जाहिरात यायची आणि गावातलेच लोक बोली लावून पलंग, चादरी, भांडी घरी न्यायचे. युद्धानंतर ही गावं कित्येक वर्षं गप्प का राहिली, याचं एक कारण मला यात दिसतं. बोलायचं तर आपल्याच स्वयंपाकघरातलं टेबल कुठून आलं, हे मुलांना सांगावं लागलं असतं.

पाट्यांवर वादही आहे. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोटे क्नोब्लोख लहानपणी लपून राहिल्या म्हणून वाचल्या. मारल्या गेलेल्यांची नावं पायदळी येऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून म्युनिक महापालिका सार्वजनिक फूटपाथवर पाट्या बसवू देत नाही. २०१८ पासून तिथे भिंतीवर किंवा खांबावर, डोळ्यांच्या उंचीवर नावं लावतात. मला त्यांचं म्हणणं पटतं, तरी फूटपाथवरची पाटी हवीशी वाटते, कारण ती त्या घराच्या दाराशी असते.

जर्मनीला मी डोक्यावर घेणार नाही. २०१९ मध्ये हाले इथे भर सणाच्या दिवशी सिनेगॉगवर हल्ला झाला. दार टिकलं म्हणून आतले वाचले, बाहेर दोघांचा जीव गेला. या साऱ्या आठवणींच्या राजकारणाला १८० अंशांनी वळवा, असं म्हणणारा नेता ज्या पक्षाचा, त्या अतिउजव्या 'एएफडी'ला २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मतं पडली. शिवाय ज्यांच्या नावाच्या पाट्या आहेत ते मेले, नाहीतर त्यांची मुलंबाळं दूर देशी गेली. त्यामुळे पाटी घासताना समोर उभं राहून कुणी 'आमचं घर कुणी घेतलं?' असं सहसा विचारत नाही.

आमच्याकडे विचारणारे गावातच आहेत. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. माणसं मारली, कित्येक कुटुंबं शहराकडे पळाली. इथे जर्मनीत राज्ययंत्रणेने लाखो माणसं संपवली, तो आकार वेगळा. पण जळालेलं घर आणि गप्प बसलेले शेजारी तिथेही होते. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि आता दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटसमोर गर्दी लोटते. जिथे घरं जळाली, त्या गावांत मात्र साधी पाटी माझ्या पाहण्यात नाही.

"पुन्हा तेढ वाढेल," ही घरच्यांची भीती मी हलकी मानत नाही. त्यांना रोज त्याच गावात राहायचंय, मी लांबून बोलतोय. पण ज्यांचं छप्पर जळालं ते काहीच विसरलेले नाहीत. गप्प बसण्याचा फायदा फक्त आम्हाला, ज्यांची घरं शाबूत राहिली त्यांना झाला. तेव्हा विशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत. कुणाचं घर कुठे होतं, कोण होतं त्यात, हे ती बोट दाखवून सांगू शकतात. शाळेतल्या मुलांनी त्यांच्याकडून ते लिहून घ्यावं. त्या कुटुंबांना मान्य असेल तर ग्रामपंचायतीने ठराव करून त्या जागी नाव लावावं, आणि आमच्या गावात हा ठराव मांडायला आमच्याच घरातलं कुणीतरी उभं राहावं.