जावईबापू, कडी सोडा!

विजेवर चालणाऱ्या स्नो थ्रोअरची, म्हणजे दारातला बर्फ उचलून बाजूला फेकणाऱ्या यंत्राची, पुस्तिका लिहिणारा माणूस एकटा राहत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘यंत्र चालू असताना आसपास माणसं, मुलं, पाळीव प्राणी नकोत.’ मुलांना टीव्हीसमोर बसवता येतं. कुत्रं आम्ही पाळलेलं नाही. पण तासगावहून व्हिसा काढून आलेले सासरे कुठे ठेवायचे, याबद्दल इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश, तिन्ही भाषांत चकार शब्द नाही.

अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये राहायचं तर यंत्राला पर्याय नाही. ऑन्टारियो सरोवर खोल, त्यामुळे हिवाळ्यातही सहसा पुरतं गोठत नाही. त्यावरून येणारा गार वारा पाण्याची वाफ उचलतो आणि तिचा बर्फ करून आमच्या दारात आणून ओततो, वर्षाला सरासरी 120 इंचांहून जास्त. सर्वांत जास्त बर्फ कुणाकडे पडतो याची आसपासच्या शहरांत ‘गोल्डन स्नोबॉल’ नावाची चुरस असते आणि ती बहुतेक वेळा आम्हीच जिंकतो. मान शहराचा, कंबरदुखी घरोघर.

तर अण्णा, म्हणजे सासरे. माकडटोपी, माझं जुनं जॅकेट, हात पाठीमागे. खोक्यातून यंत्र बाहेर निघाल्यावर पहिला प्रश्न, “किती एचपी?”

“15 अँपिअर, अण्णा. इथं 120 व्होल्ट असतात.”

अण्णांनी मनातल्या मनात गुणाकार-भागाकार केला. “म्हंजी सव्वादोन-अडीच. आमची विहिरीवरची पाचाची हाय.” यंत्राची पत तिथेच ठरली.

मग त्यांनी गॅरेजमधली एक्स्टेन्शन कॉर्ड उचलली, आकाशकंदिलासाठी घेतलेली. अंगठा आणि तर्जनीत धरून, कापड पारखावं तशी चोळून पाहिली. “ही कंदिलाला ठीक. मोटर जळंल हिच्यावर.” पुस्तिकेत यावर अख्खं पान आहे: वायर बारीक आणि लांब असली की व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढते, दोन्ही तापतात. पन्नास फुटांपर्यंत 14 गेज, शंभर फुटांना 12 गेज, आणि वायर घराबाहेर वापरायला बनवलेलीच हवी. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे अण्णांना मुळीच पटलं नाही. पण दुकानात त्यांनी आकडा न बघता नुसतं चोळून 12 गेज बरोबर काढली. रात्रीच्या लायटीला पाणी पाजून आणि मोटरी भरून आणून चाळीस वर्षं गेलीत, ती काय उगाच?

बाहेरच्या सॉकेटवर टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणं असतात. पाच मिलिअँपिअरच्या आसपास करंट गळायला लागला की सॉकेट क्षणात बंद. ओल्या बर्फात वायर ओढत फिरणाऱ्याचं हे कवचकुंडल. अण्णांनी टेस्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. आनंद झाला त्यांना. तोवर मी थंडीने निळा पडत होतो.

खरी परीक्षा यंत्राच्या दांड्यावर असते. आधी बटण दाबायचं, मग ते दाबलेलं असतानाच कडी ओढायची, तेव्हा कुठे रबरी पाती फिरतात. कडी सुटली की यंत्र बंद. कल्पना उत्तम. पण उणे दहा अंशांत नाक वाहतं, आणि नाक पुसायला हात लागतो. चश्म्यावर वाफ धरते, हात लागतो. समोरचा शेजारी हात हलवून ‘गुड मॉर्निंग’ करतो, आणि सभ्यता म्हणून पुन्हा हातच. दर वेळी यंत्र बंद, परत बटण, परत कडी. खिडकीतून हे बघणाऱ्या सासूबाईंनी सुचवलं, “अहो, सारखं धरायचं कशाला ते? नाडीनं बांधा की.”

अण्णा गर्रकन वळले. “न्हाय बांधायचं.” बस, एवढंच. मग जरा थांबून माझ्या मफलरची लोंबती टोकं त्यांनी स्वतःच्या हाताने जॅकेटच्या आत खोचली. त्यांच्या गावात कडबाकुट्टीने बोटं नेलेली माणसं आहेत. नावं त्यांनी घेतली नाहीत.

ओला बर्फ यंत्राच्या बर्फ फेकणाऱ्या नळकांड्यात तुंबला, तेव्हा मात्र मी पुस्तिका काढलीच नाही. अण्णांनी प्लग उपसला आणि तो हातात घेऊन उभे राहिले. गावाकडे डीपीवर काम करणारा माणूस फ्यूज काढून आपल्याच खिशात घालतो, तसे. पाती पूर्ण थांबेपर्यंत वाकू दिलं नाही. हात घालायचा नाहीच, यंत्रासोबत आलेल्या काठीने ढोसायचं. क्यूबेकच्या आर्थर सिकार्डने 1925 मध्ये असलं यंत्र पहिल्यांदा बनवलं आणि त्याला ती कल्पना मळणी यंत्रावरून सुचली म्हणतात, हे मी ढोसता ढोसता सांगितलं. “तरीच,” अण्णा म्हणाले. “वळखीचं वाटतंय मघापासनं.”

सॉकेटपासून सुरुवात करत बाहेर सरकायचं, म्हणजे वायर साफ केलेल्या भागात मागे राहते. वारा पाठीवर घ्यायचा, नाहीतर फेकलेला बर्फ आपल्याच तोंडावर. असं करत रस्त्यापर्यंत पोचलो आणि नगरपालिकेचा प्लाऊ आला. रस्त्यावरचा सगळा बर्फ, दगडासारख्या ढेकळांसकट, आमच्या वाटेच्या तोंडाशी लोटून निघून गेला. ड्रायव्हरने हातही हलवला. सभ्य माणूस.

अण्णांचे डोळे चमकले. बांध दिसला होता. “दुसरं फावडं हाय का?”

“अण्णा! तुमची बायपास झालीय! आत या आधी!” बायकोचा आवाज वारा चिरत आला.

अण्णा आत गेले. ढेकळं मी फावड्याने फोडली आणि भुगा यंत्रापुढे घातला. चला, नियमाप्रमाणे आसपास आता कोणी नाही, म्हणून कडी ओढली. खिशात फोन थरथरायला लागला. वाजत राहिला. कडी सोडली, यंत्र थांबलं, हातमोजा दातांनी काढला.

“जावईबापू,” खिडकीतून अण्णा फोनवर बोलत होते, “वायर बघा. डाव्या पायाखाली हाय.”